दर सहा महिन्यांनी डेंटिस्ट: हा ‘सहा’ आला कुठून?

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडणाऱ्यांसाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलण्याच्या ओघातलं जे होतं ते बरंचसं तसंच ठेवलंय, फक्त ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ तेवढे कमी केलेत.

आजचा प्रश्न साधा आहे. डेंटिस्टकडे किती दिवसांनी जायचं? कुणालाही विचारा, उत्तर एकच येतं: दर सहा महिन्यांनी. आपण जात नाही ही गोष्ट वेगळी. पण आकडा सगळ्यांना पाठ आहे.

मग पुढचा प्रश्न. सहाच का? पाच का नाही, नऊ का नाही? डोळे तपासायला आपण वर्षाने जातो, गाडीचं सर्व्हिसिंग किलोमीटर बघून करतो. दातांना सहा महिने कुणी ठरवून दिले? एखाद्या मोठ्या संशोधनातून हा आकडा आला असेल असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात आकडा आधी आला, आणि संशोधन त्यानंतर कितीतरी वर्षांनी. आणि संशोधन आलं तेव्हा ते काहीतरी वेगळंच सांगत होतं. आजची गोष्ट त्याचीच.

गॅरेजमधली शाळा

सुरुवात अमेरिकेतून करू. कनेटिकट राज्यात ब्रिजपोर्ट नावाचं कारखान्यांचं शहर आहे. तिथे आल्फ्रेड फोन्स नावाचे डेंटिस्ट होते. त्या काळात डेंटिस्टचं काम म्हणजे दुखणारा दात काढणं, किडलेला भरणं आणि कवळी बसवणं. दुखत नसताना दाताला हात लावायचा, ही कल्पनाच नवीन होती.

पण १८९० मध्ये विलोबी मिलर या बर्लिनमध्ये काम करणाऱ्या अमेरिकन संशोधकाचं पुस्तक आलं होतं. दातांना खाणारी कुणी अळी वगैरे नसते, तोंडातले जंतू आपण खाल्लेल्या साखर-पिठापासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात विरघळवतं, असं त्याने दाखवलं. कारण कळलं की उपायाची दिशा कळते. दातावर थर साचू दिला नाही तर? फिलाडेल्फियाचे डी. डी. स्मिथ हे डेंटिस्ट आपल्या पेशंटना ठरावीक दिवसांनी बोलावून दात घासूनपुसून द्यायला लागले होते. फोन्सना ही कल्पना पटली.

अडचण वेळेची होती. प्रत्येकाचे दात स्वतः साफ करत बसले तर बाकीची कामं कोण करणार? म्हणून १९०६ मध्ये फोन्सनी आपल्या असिस्टंटला, आयरीन न्यूमनला, हे काम शिकवलं. ती त्यांची नात्यातलीच होती. १९१३ मध्ये त्यांनी दवाखान्याशेजारच्या गॅरेजमध्ये शाळा सुरू केली आणि पुढच्या वर्षी २७ जणींची पहिली तुकडी बाहेर पडली. ‘डेंटल हायजिनिस्ट’ हा शब्दही फोन्स यांचाच. यातल्या मुली ब्रिजपोर्टच्या शाळाशाळांत जाऊन पोरांचे दात साफ करायला आणि ब्रश कसा करायचा ते शिकवायला लागल्या. १९१७ मध्ये न्यूमनबाईंना कनेटिकटचं लायसन्स मिळालं. जगातली पहिली लायसन्सधारक हायजिनिस्ट.

म्हणजे ‘दुखत नसतानाही जा’ ही कल्पना इथे पक्की झाली. ‘वर्षातून दोनदा’ हेही काही डेंटिस्ट सांगत होतेच. पण कोट्यवधी लोकांच्या डोक्यात ते बसवलं ते डेंटिस्टांनी नाही. ते बसवलं टूथपेस्टवाल्यांनी.

रोज संध्याकाळी रेडिओवर

पेप्सोडेंट हे नाव आपल्याकडेही ओळखीचं आहे. अमेरिकेत या टूथपेस्टची जाहिरात क्लॉड हॉपकिन्स या गाजलेल्या जाहिरातकाराने केली. त्याची युक्ती अशी: दातांवरून जीभ फिरवा, एक बुळबुळीत थर लागेल, तो थर म्हणजेच सगळ्या दुखण्याचं मूळ, आणि तो घालवायला पेप्सोडेंट घ्या. आता हा थर प्रत्येकाच्याच दातांवर असतो. नुसत्या ब्रशनेही तो निघतो. पण जीभ फिरवून बघितलं की जाहिरात खरी वाटायची. आत्ता ऐकता ऐकता तुम्हीही जीभ फिरवून बघितली असेल. शंभर वर्षं झाली, जाहिरात अजून चालतेय!

१९२९ मध्ये पेप्सोडेंटने एनबीसी रेडिओवरचा ‘एमॉस अँड अँडी’ हा कार्यक्रम प्रायोजित केला. पंधरा मिनिटांची रोजची मालिका. तिची लोकप्रियता इतकी की सिनेमागृहात चित्रपट थांबवून लोकांना हा कार्यक्रम ऐकवत. इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. मालिकेतली मुख्य पात्रं काळ्या माणसांची होती आणि ती करणारे दोघेही गोरे होते, काळ्यांच्या बोलण्याची नक्कल करून हशा मिळवणारे. १९३१ मध्ये ‘पिट्सबर्ग कुरिअर’ या काळ्या समाजाच्या वृत्तपत्राने याविरुद्ध सह्यांची मोहीमही चालवली. कार्यक्रम तरी चालूच राहिला.

आणि या कार्यक्रमाला जोडून निवेदक सल्ला द्यायचा: दिवसातून दोनदा पेप्सोडेंट वापरा आणि वर्षातून निदान दोनदा डेंटिस्टला भेटा. दिवसातून दोनदा, वर्षातून दोनदा. कानाला कसं छान लागतं बघा. लक्षात ठेवायला सोपं, आणि डेंटिस्टचं नाव जोडलं की टूथपेस्टलाही वजन येतं.

दरवेळी ‘पेप्सोडेंटने सहा महिने शोधून काढले’ असं सांगितलं जातं, ते तितकंसं बरोबर नाही. सल्ला आधीपासून होता, रेडिओने त्याचं पाठांतर करून घेतलं. पण मुद्दा हा, की इतक्या घराघरांत हा आकडा पोचला तेव्हा त्याच्यामागे तुलना करून बघितलेला एकही मोठा अभ्यास नव्हता. सहा महिन्यांनी जाणारे आणि वर्षाने जाणारे यांच्यात फरक काय पडतो, हे कुणी मोजलंच नव्हतं.

कोड लिहिणाऱ्यांना हा प्रकार नवीन नाही. कुणीतरी घाईत एक आकडा हार्डकोड करून ठेवतो. ‘आत्ता सहा टाकून ठेव, नंतर बघू.’ मग तो माणूस कंपनी सोडून जातो, आणि दहा वर्षं कुणी त्या ओळीला हात लावत नाही, कारण चालतंय ना! दातांच्या बाबतीत दहा नाही, जवळजवळ पन्नास वर्षं गेली.

‘याला आधार काय?’

आता इंग्लंड. १९४८ मध्ये तिथे एनएचएस, म्हणजे सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली. दातांची अवस्था भीषण होती. अगदी १९६८ च्या पाहणीतसुद्धा इंग्लंड आणि वेल्समधल्या ३७ टक्के प्रौढांच्या तोंडात स्वतःचा एकही दात नव्हता. अशा देशात ‘दर सहा महिन्यांनी या’ हे धोरण बनलं यात नवल नाही. पण सरकारी सेवा म्हटली की प्रत्येक भेटीचे पैसे सगळ्यांच्या खिशातून जातात. मग कधीतरी कुणीतरी हिशोब विचारतोच.

तो विचारला ऑब्रे शाइहम यांनी. मूळचे दक्षिण आफ्रिकेचे, लंडनमध्ये शिकवणारे. १९७७ मध्ये त्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला आणि शीर्षकातच प्रश्न टाकला: सहामाही दंततपासणीला शास्त्रीय आधार आहे का? त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की असा आधार दिसत नाही. बहुतेक लोकांत कीड हळू वाढते. दाताच्या वरच्या कडक थरातून आत शिरायला तिला बऱ्याचदा वर्षं लागतात, आणि मधल्या काळात ती थांबूही शकते. अशा वेळी सारखं सारखं बघायला गेलं तर डेंटिस्टला काहीतरी दिसतं, आणि दिसलं की ड्रिल चालवण्याचा मोह होतो. एकदा सिमेंट भरलं की ते कधीतरी बदलावं लागतं, दरवेळी भोक थोडं मोठं होतं. म्हणजे जास्त तपासणी म्हणजे जास्त आरोग्य, हे समीकरण आपोआप खरं ठरत नाही.

त्यांच्याच व्यवसायातल्या अनेकांना हे अर्थातच आवडलं नाही. पण प्रश्न एकदा छापून आला होता.

मळ्यातले दात

आता या सगळ्या गोष्टीतला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग. याचा नायक हॅराल्ड ल्यो, नॉर्वेचा संशोधक. नायक म्हणावं की नाही, ते तुम्ही ठरवा.

१९६५ मध्ये डेन्मार्कमधल्या ऑर्हुसला त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना सांगितलं, दात घासणं बंद करा. दहा ते एकवीस दिवसांत बाराच्या बारा जणांच्या हिरड्या सुजल्या. मग सांगितलं, घासायला लागा. साधारण आठवडाभरात हिरड्या पुन्हा ठीक. दातांवरच्या थरामुळेच हिरड्या सुजतात, याचा इतका सरळ पुरावा आधी नव्हता. आणि त्यातली कालमर्यादा बघा: बिघडायला तीन आठवडे, सुधारायला एक आठवडा. सहा महिन्यांचा इथे कुठे संबंधच येत नाही! दोन भेटींच्या मध्ये १८० दिवस असतात, आणि हिरड्यांचा निकाल त्या १८० दिवसांत तुमच्या बेसिनसमोर लागतो.

पण पुढे काय? सूज वर्षानुवर्षं राहिली तर सगळ्यांचेच दात पडतात का? हे बघायला ल्योला अशी माणसं हवी होती ज्यांनी कधी डेंटिस्ट बघितलेला नाही. ती त्याला श्रीलंकेत मिळाली. चहाच्या मळ्यांत काम करणारे तमिळ कामगार, ज्यांच्या पूर्वजांना ब्रिटिशांच्या काळात दक्षिण भारतातून तिथे नेलं गेलं होतं. १९७० मध्ये ४८० तरुण पुरुष कामगारांचे दात तपासून नोंदी सुरू झाल्या, आणि १९८५ पर्यंत त्यांना पुन्हा पुन्हा तपासलं गेलं. ब्रश नाही, डेंटिस्ट नाही. सगळ्यांच्या दातांवर थर, किटण, सगळ्यांच्या हिरड्या सुजलेल्या.

१९८६ मध्ये निष्कर्ष छापून आले. सगळ्यांची अवस्था सारखी असूनही निकाल तीन प्रकारचे. सुमारे ८ टक्के लोकांचा आजार झपाट्याने वाढला. वयाच्या पस्तिशीला त्यांच्या दातांचा आधार सरासरी ९ मिलिमीटर खाली गेला होता, म्हणजे दात जवळजवळ हवेतच. सुमारे ८१ टक्के लोकांमध्ये तो मध्यम गतीने वाढला, पस्तिशीला ४ मिलिमीटर. आणि सुमारे ११ टक्के लोकांच्या बाबतीत हिरड्यांची सूज सोडली तर पुढे काहीच झालं नाही, एक मिलिमीटरसुद्धा नाही. आयुष्यात ब्रश नाही आणि तरी दात मजबूत!

आपल्या प्रत्येकाच्या घरात असे एक आजोबा असतात ना, जे आयुष्यभर राखुंडी लावतात आणि ऐंशीव्या वर्षी ऊस सोलून खातात? ते या ११ टक्क्यांतले असावेत. अडचण एवढीच की आपण कुठल्या गटात आहोत हे जन्मतः कपाळावर लिहिलेलं नसतं.

या अभ्यासाबद्दल मला दोन गोष्टी एकत्र वाटतात. यातून विज्ञानाला जे कळलं ते दुसरीकडून कळणं अवघड होतं. आणि त्याच वेळी, कामगारांचे दात पंधरा वर्षं ढासळताना मोजणं, हे आज कुठल्याही नैतिकता समितीसमोर मांडून बघा. ऑर्हुसच्या बारा जणांना तीन आठवड्यांनी ब्रश परत मिळाला होता. मळ्यातल्या लोकांना तसं कुणी काही परत दिलं नाही. आज ‘तुमच्या तोंडाप्रमाणे तुमची वेळ ठरवा’ हा सल्ला आपल्याला मिळतो, त्याची किंमत कुणी मोजली हे निदान माहीत असावं.

मग साफ करून घेण्याचा उपयोग काय?

याच काळात स्वीडनमध्ये उलटा प्रयोग चालला होता. कार्लस्टाड शहरात पेर ॲक्सेलसन आणि यान लिंडे यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ३७५ प्रौढांना पहिली दोन वर्षं दर दोन महिन्यांनी, नंतर दर तीन महिन्यांनी बोलावलं. दात साफ करून द्यायचे, आणि प्रत्येक वेळी स्वतः कसे साफ करायचे ते शिकवायचं. तुलनेसाठी १८० जण नेहमीच्या पद्धतीने वर्षातून एकदा डेंटिस्टकडे जात होते. सहा वर्षांनी फरक डोळ्यात भरण्यासारखा होता. पहिल्या गटात नवी कीड आणि हिरड्यांची झीज नगण्य, दुसऱ्या गटात दोन्ही चालूच. पुढे पहिल्या गटाला प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे बोलावलं जाऊ लागलं, आणि तीस वर्षांनंतरही त्यांचे सरासरी दोनपेक्षा कमी दात पडले होते.

म्हणजे सारखं जाणं चांगलं? थांबा. ब्रिटनमध्ये अलीकडे दोन मोठ्या चाचण्या झाल्या. एकीचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. ६३ दवाखाने, १८७७ प्रौढ. काहींचं स्केलिंग दर सहा महिन्यांनी, काहींचं वर्षाने, काहींचं अजिबात नाही. तीन वर्षांनी हिरड्यांतून रक्त येण्यात तिन्ही गटांत फरक दिसला नाही. ब्रशिंगबद्दल खास सल्ला दिलेल्यांतही फार काही वेगळं घडलं नाही. दुसरीचे निष्कर्ष २०२० मध्ये. ५१ दवाखाने, २३७२ प्रौढ, चार वर्षं. तपासणी सहा महिन्यांनी, किंवा प्रत्येकाच्या धोक्याप्रमाणे, किंवा कमी धोका असलेल्यांची दोन वर्षांनी. पुन्हा तेच, हिरड्यांच्या तब्येतीत फरक नाही.

वरवर बघता कार्लस्टाड आणि ब्रिटन एकमेकांच्या विरुद्ध बोलतायत. नीट बघितलं तर नाही. नुसतं खरवडून घेऊन घरी जुन्याच सवयीने राहिलात तर तीन आठवड्यांत तोंड पूर्वपदाला येतं, हे ल्योने सांगितलंच होतं. एकदा सल्ला देऊन सवय बदलत नाही, हे कुठल्याही जिमवाल्याला विचारा. कार्लस्टाडमध्ये तीच गोष्ट वर्षानुवर्षं, पुन्हा पुन्हा, हातात ब्रश देऊन शिकवली होती. आणि ब्रिटनच्या चाचण्यांतले लोक आधीपासून नियमित डेंटिस्टकडे जाणारे होते, गंभीर हिरड्यांच्या आजाराचे नव्हते. ज्याच्या हिरड्या आतून सुटायला लागल्यात, त्याला हे निष्कर्ष लागू करू नका.

ब्रिटनमध्ये आरोग्याचे नियम ठरवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने २००४ मध्येच सहाचा आकडा खोडला होता. प्रौढांसाठी तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत, अठराखालच्यांसाठी तीन महिन्यांपासून एक वर्षापर्यंत. नेमकं किती, ते तपासून डेंटिस्ट आणि पेशंटने मिळून ठरवायचं. हार्डकोड केलेला आकडा अखेर कॉन्फिगमध्ये गेला.

आणि आपण?

आता आपल्याकडचं. इथे मोठी अडचण ‘सहा की बारा’ ही नाहीच. आपल्यातले बरेच जण रात्री दोन वाजता दाढ ठणकायला लागली की लवंग चावत सकाळची वाट बघतात, आणि तेव्हाच जातात. ‘स्केलिंग केलं की दात सैल होतात’ हा समजही घट्ट आहे. खरं तर दात आधीच सैल झालेले असतात, किटणाने ते लिंपून धरलेले असतात. किटण निघालं की फट दिसते आणि दोष डॉक्टरवर येतो.

शिवाय आपल्याकडे एक गोष्ट युरोपपेक्षा वेगळी आहे: तंबाखू. मशेरी, मावा, गुटखा. केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ ते २००४ या काळात एक मोठी चाचणी झाली. प्रशिक्षण दिलेले आरोग्यसेवक घरोघरी जाऊन लोकांचं तोंड नुसतं डोळ्यांनी तपासायचे, तेही तीन वर्षांतून एकदा. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास एक तृतीयांशाने कमी झाले. ज्यांना ही व्यसनं नव्हती त्यांच्यात असा फायदा दिसला नाही. पुन्हा तोच धडा. प्रश्न ‘किती वेळा’ इतका सोपा नाही, ‘कुणाला किती वेळा’ असा आहे.

तर मंडळी, ‘सहा महिन्यांचं खोटं आहे, आता जायलाच नको’ असा अर्थ काढून हा भाग फॉरवर्ड करू नका, हात जोडून विनंती. बरीच वर्षं गेला नसाल तर आधी एकदा जा. खुर्चीतून उठताना विचारा: माझ्या हिरड्या कुठल्या अवस्थेत आहेत? माझा धोका किती? मी परत कधी यावं, आणि तेवढ्याच दिवसांनी का? डायबेटिस असेल, तंबाखू असेल, गरोदरपण असेल, ब्रश करताना रक्त येत असेल, तर ते स्वतःहून सांगा, कारण उत्तर त्यावर बदलतं. एखाद्याला तीन महिने मिळतील, एखाद्याला दीड वर्ष. चांगला डेंटिस्ट या प्रश्नाने चिडत नाही. आणि ‘सगळ्यांनाच सहा महिने’ एवढंच उत्तर मिळालं, तर ते कुठून आलंय हे आता तुम्हाला माहीत आहे.

पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत मधले १८० दिवस सांभाळा.